जाता-जाता घेतलेली मेथी: साथीनंतर मुंबईचा रस्ता कसा बदलला

करी रोड स्टेशनचा पूल उतरला की कोपऱ्यावर एक भाजीवाल्या मावशी बसतात. लाकडी खोक्यावर गोणपाट, त्यावर मेथी, पालक, शेपूच्या जुड्या, बाजूला टोपलीत वालाच्या शेंगा आणि सगळ्यावर पाणी मारून ओलं ठेवलेलं एक फडकं. पंधरा वर्षं मी त्यांच्याकडून भाजी घेते. पण ‘आज मावशींकडून मेथी आणायची’ असं ठरवून मी कधीच घरून निघालेली नाही. गाडीतून उतरते, जुडी दिसते, ताजी वाटते, हात पुढे होतो.

असं जाता-जाता घेणारं गिऱ्हाईक हाच मुंबईच्या रस्त्याचा पोटाचा आधार. वडापावची गाडी, चहाची टपरी, गजरेवाली, मोबाइलची कव्हरं विकणारा पोरगा, छत्री दुरुस्त करणारे काका, यांच्याकडे कुणी मुद्दाम वाट वाकडी करून येत नाही. लोकांची पावलं जिथे पडतात तिथे ही माणसं बसतात. दुकानदार भाडं भरून जागा घेतो, तर रस्त्यावरचा विक्रेता गर्दीची वाट आणि वेळ पाठ करून जागा धरतो. म्हणून कोविडच्या साथीनंतर रस्त्यावर काय बदललं असं कुणी विचारलं, तर मी आधी हेच सांगते की गर्दीची वाट बदलली आणि वेळ बदलली. बाकीचे बहुतेक बदल त्याच्या मागून आले.

आधी बंदचा काळ नीट आठवून घेऊ, कारण आता तो सगळा एकच लांबलचक लॉकडाऊन वाटायला लागला आहे. 22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून लोकल थांबली. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी. 15 जूनला लोकल सुरू झाली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. ऑक्टोबरमध्ये महिलांना परवानगी मिळाली, तीही दुपारी 11 ते 3 आणि संध्याकाळी 7 नंतर. 1 फेब्रुवारी 2021 ला सर्वांसाठी दार उघडलं, पण सकाळी 7 पर्यंत, दुपारी 12 ते 4 आणि रात्री 9 नंतर. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद. शेवटी 15 ऑगस्ट 2021 पासून लशीचे दोन डोस घेतलेल्यांना कोणत्याही वेळी प्रवास करता येऊ लागला. म्हणजे जवळजवळ सतरा महिने सर्वसामान्य माणसाला ऐन गर्दीच्या वेळेची लोकल मिळालीच नाही. साथीच्या आधी या लोकलमधून रोज 75 ते 80 लाख प्रवास होत होते. स्टेशनबाहेरच्या विक्रेत्याला याचा अर्थ एकच: दारातली नदी आटली.

फिरतं भांडवल कसं अडकतं

नदी परत वाहू लागल्यावर धंदा आपोआप पूर्वपदावर यायला हवा होता, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

मावशी पहाटे चारच्या आत भायखळ्याच्या भाजी मार्केटात असतात. समजा तीन हजारांचा माल उचलला. टेम्पोवाल्याचे, हमालाचे, प्लॅस्टिकचे पैसे वेगळे. दिवसभरात विकून, सुकलेलं फेकून, रात्री हातात साडेतीन-पावणेचार हजार येतात. त्यातले तीन हजार मावशींचे नाहीतच, ते उद्या पहाटेचे आहेत. वरचे जे उरतात तेवढ्यावर घर चालतं. यालाच खेळतं भांडवल म्हणतात. ते रोज फिरत राहिलं तरच भांडवल राहतं. फिरणं थांबलं की तेच तीन हजार तांदूळ, औषध आणि खोलीभाड्यात संपतात. मावशींच्याच शब्दांत, “ताई, आम्ही भांडवल खाल्लं.” मी त्या वेळी घरून काम करत होते, पगार महिन्याच्या महिन्याला जमा होत होता. ते वाक्य ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की बंद उठला तरी ज्याच्याकडे पहिल्या दिवसाचा माल घ्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी तो उठलेलाच नसतो.

मग त्यांनी ओळखीच्या एकाकडून पैसे घेतले. सकाळी हजार, संध्याकाळी अकराशे परत. आकडा ऐकायला छोटा वाटतो, पण ते दिवसाला दहा टक्के व्याज झालं.

याच भोकावर ठिगळ म्हणून केंद्र सरकारने 1 जून 2020 ला ‘पीएम स्वनिधी’ योजना आणली. 10,000 रुपये, तारण नाही, वर्षभरात हप्त्यांनी फेडायचे, वेळेवर फेडले तर व्याजात 7 टक्के सवलत. ते फेडलं की 20,000 आणि मग 50,000 चं कर्ज. डिजिटल व्यवहार केले तर महिन्याला जास्तीत जास्त 100 रुपये परत मिळायचे. ऑगस्ट 2025 मध्ये योजनेला मार्च 2030 पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि पहिलं कर्ज 15,000, दुसरं 25,000 झालं. माझ्या मते साथीच्या काळात रस्त्यावरच्या माणसासाठी झालेलं हे सर्वांत कामाचं पाऊल. त्यात एक गुंता मात्र राहिला, त्याकडे पुढे येतेच.

आमच्या लालबागची एक गोष्ट सांगायलाच हवी. इथल्या मसाला गल्लीचं वर्ष मार्च ते मे या तीन महिन्यांवर उभं असतं. उन्हं कडक झाली की बायका बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची घेऊन येतात, धणे-खोबरं भाजून घेतात, डंकावर मसाला कुटून पावसाआधी बरण्या भरतात. त्या दिवसांत गल्लीतून जाताना शिंक आली नाही असं होत नाही. पहिली टाळेबंदी बरोबर याच हंगामात आली, आणि दुसरी लाटसुद्धा. लागोपाठ दोन उन्हाळे डंक थांबले. भाजीवाल्याचा दिवस बुडाला तर दुसरा दिवस उगवतो, मसाल्यावाल्याचा हंगाम बुडाला तर वर्ष जातं. 2020 च्या ऑगस्टात तर लालबागच्या राजाच्या मंडळाने, 1934 पासूनच्या परंपरेत पहिल्यांदाच, मूर्तीची स्थापना न करता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान. निर्णय योग्यच होता. पण रांगेतल्या भाविकांना पाणी, चहा, भजी, खेळणी, हार विकून जी घरं पावसाळ्याची उधारी फेडतात, त्यांच्या चुली त्या वर्षी थंड राहिल्या.

सोमवारची बोहनी

आता गर्दीच्या वेळापत्रकाकडे येऊ. यातला एक बदल साथीच्या तोंडावर झाला होता आणि त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. राज्य सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. म्हणजे मंत्रालयाच्या आसपासचा शनिवार आधीच गेला होता. त्यावर खासगी ऑफिसांनी अर्धा आठवडा घरून, अर्धा ऑफिसातून अशी पद्धत धरली. माणसं शक्यतो मंगळवार, बुधवार, गुरुवार येतात. फोर्टमध्ये माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत पोळी-भाजीची गाडी लावणारे दादा सांगतात, पूर्वी ते सहाही दिवस सारखंच पीठ मळायचे, आता सोमवारी आणि शुक्रवारी निम्मं. बोहनीलाच अकरा वाजतात.

निम्म्या पिठाने खर्च निम्मा होत नाही, ही यातली अडचण. गॅस सिलिंडर, मदतनीस पोराचा पगार, गाडी उभी करायच्या जागेचे ‘वरचे’ पैसे, हे आठवड्याला तेवढेच. त्यामुळे तीन दिवसांच्या गर्दीवर सहा दिवसांचा खर्च बसतो, भाव वाढतो, आणि भाव वाढला की जाता-जाता घेणारा हात आखडतो.

सगळीकडे हे सारखं झालेलं नाही. हायकोर्ट आणि सेशन्स कोर्टाच्या भोवती वकील, अशील, टंकलेखक रोज येतातच. घाऊक बाजार फोनवरून चालत नाही, म्हणून काळबादेवी, मशीद बंदर पूर्ववत गजबजले. बांद्रा-कुर्ला संकुल किंवा लोअर परळच्या काचेच्या इमारतींखाली मात्र टपरीवाल्याला कॅलेंडर बघून दूध आणावं लागतं.

डबेवाल्यांची व्यवस्थाही याच ठिकाणी ढिली पडली. 1890 पासून चालत आलेली ही साखळी दोन स्थिर टोकांवर चालते: रोज त्याच घरातून डबा उचलायचा, रोज त्याच टेबलावर पोचवायचा, पैसे महिन्याचे. लोकल बंद झाली तेव्हा मावळ, खेड, जुन्नरकडची ही माणसं गावी शेतावर परतली. परत आली तेव्हा टेबलावरचा माणूस आठवड्यातून तीनच दिवस येत होता. तीन दिवसांसाठी महिन्याचे पैसे कोण देणार?

मावशींनी वेळापत्रक स्वतःच बदललं. पूर्वी संध्याकाळी साडेपाच ते आठ हा त्यांचा भर. लोअर परळच्या ऑफिसांतून सुटलेल्या बायका करी रोडला गाडी पकडायला यायच्या, मेथीच्या जुड्या, मटाराच्या शेंगा घ्यायच्या आणि लेडीज डब्यात बसून कल्याणपर्यंत निवडून टाकायच्या. आता त्या रोज येत नाहीत, आणि आल्या तरी उशिरा. मग मावशी दुपारी स्वतःच मेथी निवडतात, मटार सोलतात, पाव-पाव किलोच्या पिशव्या बांधून ठेवतात आणि रात्री साडेनऊपर्यंत बसतात. पिशवीमागे दहा रुपये जास्त मिळतात. त्या दहा रुपयांत त्यांच्या दोन तासांची मजुरी आहे, हे पिशवी घेताना माझ्या लक्षात असतं.

गर्दीच्या वाटाही सरकल्या. मेट्रो 2अ आणि 7 एप्रिल 2022 मध्ये थोडी आणि जानेवारी 2023 मध्ये पूर्ण सुरू झाली, तेव्हा लिंक रोड आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर जिन्यांच्या पायथ्याशी नवे नाके तयार झाले. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण झाली. चर्चगेटला उतरून मंत्रालयापर्यंत चालत जाणारी माणसं आता विधान भवन स्टेशनातून थेट वर येऊ शकतात. त्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात किती शेंगदाणे, किती पेरू, किती संध्याकाळची वर्तमानपत्रं खपत होती!

“पैसे प्राप्त झाले”

यूपीआय 2016 पासून आहे, पण रस्त्यावर ते घराघरांतल्या साबणासारखं पोचलं ते साथीत. नोटेला हात लावायची भीती होती, आणि विक्रेत्याला शुल्क नव्हतं, कारण जानेवारी 2020 पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून घ्यायचं शुल्क शून्यच आहे. देशभरात एप्रिल 2020 मध्ये महिन्याला 100 कोटींच्या आतबाहेर व्यवहार होत होते. ऑगस्ट 2025 मध्ये ते 2000 कोटींच्या वर गेले. त्यातला मोठा हिस्सा असल्याच छोट्या रकमांचा आहे.

फायदे खरे आहेत. सुट्ट्यांचा वाद संपला. रात्री गल्ला कनवटीला बांधून घरी जायची धास्ती कमी झाली. बँकेत रोजची नोंद होत गेल्यामुळे पुढचं कर्ज मिळायला हातभार लागतो.

पण मावशींच्या खोक्याला चिकटवलेल्या त्या चौकोनी ठिपक्यांच्या कागदावर नाव त्यांच्या मुलाचं आहे. मी पैसे भरते, डबीतून बाईचा आवाज येतो, “तीस रुपये प्राप्त झाले.” प्राप्त होतात ते मुलाला, तो वडाळ्याला कामावर असताना. पूर्वी दिवसभराची कमाई मावशींच्या कमरेच्या पिशवीत असायची. कुणाला किती द्यायचे, नातवाच्या फीचे किती बाजूला काढायचे, भिशीत किती टाकायचे, हे त्या ठरवायच्या. आता पहाटेच्या मालासाठी त्या रात्री मुलाकडे पैसे मागतात. मुलगा चांगला आहे, देतोही. तरी मागावे लागतात. रस्त्यावर धंदा करणाऱ्या बायकांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्यांच्या हातातल्या रोख पैशाबरोबर घरातला त्यांचा शब्दही चालत होता. मी जमेल तेव्हा मावशींना नोटा देते.

बंद शटरमागचं दुकान

जाता-जाता घेण्याला खरा स्पर्धक आला तो घरपोच सामानाचा. झेप्टो 2021 मध्ये मुंबईतच सुरू झालं. त्याच वर्षाच्या शेवटी ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं. स्विगीची इन्स्टामार्ट 2020 पासूनची. दहा-पंधरा मिनिटांत कोथिंबीर दारात येते ती मोठ्या गोदामातून नव्हे, आपल्याच वस्तीतल्या एखाद्या गाळ्यातून. त्याला ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. दुकान असतं, माल असतो, पण गिऱ्हाईकाला आत प्रवेश नाही. आत मुलं यादीप्रमाणे पिशव्या भरतात आणि बाहेर दुचाकीवाले थांबतात.

याचा किराणा दुकानदाराला फटका बसतो हे सगळेच बोलतात. मला त्याच्याइतकाच दुसरा परिणाम दिसतो. आमच्या जवळच्या रस्त्यावर एक जुनं कपड्यांचं दुकान होतं. रात्री साडेनऊपर्यंत त्याचा पिवळा उजेड फुटपाथवर पडायचा, मालक दाराशी स्टुलावर बसलेला असायचा. क्लासवरून येणाऱ्या मुली त्या उजेडातून चालायच्या. आता त्या गाळ्याला काचेवर कागद लावलेला आहे आणि शटर अर्धं खाली. वर्दळ पूर्वीपेक्षा जास्त आहे, पण रस्त्याकडे बघत बसलेलं कुणी नाही. मुलगी तिथून चालताना वेग वाढवते.

दुचाकीवाल्या मुलांना यात दोष देणं चूक. त्यांना थांबायला जागा नाही, सावली नाही, लघवीला जायची सोय नाही, म्हणून ती फुटपाथवर थांबतात. विचार केला तर तीही रस्त्यावरच पोट भरणारी माणसं, फक्त एका जागी न बसणारी. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. तिच्यात अशा कामगारांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यायची तरतूद आहे. तो पैसा कसा आणि कधी पोचतो हे बघावं लागेल. बसायच्या बाकाबद्दल आणि मुतारीबद्दल मात्र कुठल्या संहितेची वाट बघायची गरज नाही.

एक चांगली गोष्टही नोंदवते. सामसूम रस्त्यांनी मुंबईकरांना चालायची चटक लावली. मार्च 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांसाठी बंद ठेवून लोकांना मोकळे दिले, तेव्हा नरिमन पॉइंटपासून मुलुंडपर्यंत मुलं स्केटिंग करत होती आणि आजोबा मधोमध योगासनं.

कायदा काय म्हणतो

आता तो गुंता. स्वनिधीचं कर्ज घ्यायला महापालिकेचं विक्री प्रमाणपत्र लागतं. ते मुंबईत फार थोड्यांकडे आहे. म्हणून ज्यांच्याकडे नाही त्यांना ‘शिफारसपत्रा’वर कर्ज दिलं गेलं. हा माणूस 24 मार्च 2020 च्या आधीपासून इथे धंदा करतो, एवढंच ते पत्र सांगतं. पुष्कळ विक्रेत्यांचा समज झाला की आता आपली जागा पक्की झाली. तसं नाही. शिफारसपत्राने कर्ज मिळतं, जागा मिळत नाही.

जागेचा कायदा वेगळा आहे. पथविक्रेता कायदा 2014 चा. त्यानुसार शहराने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, प्रमाणपत्रं आणि जागा ठरवून द्यायच्या, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही. हे ठरवायला नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. अडीच टक्के म्हणजे तीन लाखांवर. प्रत्यक्षात 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले, आणि ऑगस्ट 2024 मध्ये समितीसाठी मतदान झालं तेव्हा यादीत 32,415 नावं होती. तीन लाख, नव्व्याण्णव हजार, बत्तीस हजार. या तीन आकड्यांच्या मधे जी माणसं गळली, ती रोज रस्त्यावर आहेतच, फक्त कागदावर नाहीत.

दुसऱ्या बाजूला चालणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो छोटा नाही. 29 सप्टेंबर 2017 ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. करी रोडहून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर आहे, त्या दिवशी आमच्या अख्ख्या वस्तीत फोन वाजत होते. त्यानंतर महिन्याभराने, 1 नोव्हेंबरला, मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचं बजावलं. पूल आणि जिने मोकळे हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जाता-जाता घेणारं गिऱ्हाईक नेमकं त्याच 150 मीटरमध्ये चालतं. स्टेशनच्या आसपास, वाट न अडवता, आखून दिलेले थोडे ओटे हा मधला मार्ग आहे, आणि तो आखायचं काम समितीचं आहे. ती समिती नसेल तर तो निर्णय रोज संध्याकाळी पालिकेची गाडी आणि विक्रेत्याची धावपळ मिळून घेतात.

मावशींकडे शिफारसपत्र आहे. त्यांनी ते लॅमिनेट करून आणलं, भोक पाडून सुतळी ओवली आणि काही महिने खोक्याला लटकवलं होतं, एखाद्या परवान्यासारखं. मग एके दिवशी गाडी आली आणि खोका, गोणपाट, वजनकाटा घेऊन गेली. दंड भरून काटा सोडवला. भाजी गेली ती गेलीच. पत्र त्या वेळी सुतळी तोडून त्यांनी हातात धरून ठेवलं होतं.

परवा रात्री सव्वानऊला मी उतरले तेव्हा शेवटच्या दोन पिशव्या राहिल्या होत्या, सोललेल्या मटाराच्या. डबीतून बाई बोलली. मावशींनी फडकं पिळलं, काटा गोणपाटात गुंडाळला आणि ते पत्र टोपलीच्या तळाशी, शेंगांच्या खाली सरकवलं. “ताई, त्या डबीवर माझं नाव घालायला काय लागतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचं बँकेतलं खातं, त्याला जोडलेला फोन आणि आधार कार्ड. खातं जनधनचं आहे म्हणाल्या. फोन जोडलेला आहे तो मुलाचाच. शनिवारी दुपारी, मेथी निवडायच्या आधी, आम्ही दोघी बँकेत जाणार आहोत.